क्षमा कोणी केली, कोणाला केली?

चिनी दिग्दर्शक वांग शियाओश्वाई यांचा 'सो लाँग, माय सन' हा चित्रपट २०१९ साली बर्लिनच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला. त्यातील पतिपत्नीच्या भूमिकांसाठी वांग जिंगचुन आणि योंग मेई या दोघांनाही अभिनयाचे पारितोषिक मिळाले. परीक्षक प्रसन्न झाले, तरी प्रेक्षकांचे एकमत झाले नाही. तीन तास पाच मिनिटांचा हा मँडरिन कौटुंबिक चित्रपट पाहून कोणी डोळे पुसत उठतो, तर कोणी घड्याळ पाहत. या मतभेदाचा एक भाग आम्हांस किरकोळ वाटतो. दुसरा मात्र विचार करावा असा आहे.

कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. उत्तर चीनमधील एका सरकारी कारखान्यात काम करणारी याओजून व लीयुन ही दोघे आणि त्यांचे शेजारी यिंगमिंग व हाययेन यांच्यात सख्ख्या नात्याहून घट्ट मैत्री. दोन्ही घरची मुले, शिंगशिंग आणि हाओहाओ, एकाच दिवशी जन्मलेली. लीयुन दुसऱ्यांदा गरोदर राहते. एका दांपत्यास एकच अपत्य, हा तेव्हाचा कायदा. आणि कारखान्यात तो अमलात आणण्याचे काम हाययेनकडे. ती आपल्या मैत्रिणीस सक्तीने रुग्णालयात नेते. त्या गर्भपातानंतर लीयुनला पुन्हा मूल होणे शक्य राहत नाही. पुढे एकुलता शिंगशिंग जलाशयात बुडून मरतो, आणि त्या वेळी हाओहाओ त्याच्याबरोबर असतो. पतिपत्नी गाव सोडून दूर दक्षिणेस, फुजियानच्या किनाऱ्यावर जातात. तेथील बोलीसुद्धा त्यांना कळत नाही. ती एक मुलगा दत्तक घेतात आणि त्यालाही शिंगशिंगच म्हणतात.

पहिला आक्षेप मांडणीवर आहे. कथा तीस वर्षांत पुढेमागे उड्या मारते. बुडालेला मुलगा पाहिल्यावर लगेच त्याच नावाचा वयात आलेला मुलगा घरात वावरताना दिसतो आणि प्रेक्षक चक्रावतो. हा गोंधळ दिग्दर्शकाचा ढिसाळपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या घरातून मूल गेले त्या घरात काळ पंचांगाप्रमाणे चालत नाही. अशा घरी सांत्वनाला गेले असता आई कालचे सांगते आहे की दहा वर्षांपूर्वीचे, हे आम्हांलाही पुष्कळदा उमगत नाही. शिवाय प्रेक्षकाची फसगत होते, तशीच या आईबापांनी स्वतःची करून घेतली आहे. एका मुलाच्या नावाखाली दुसरा जगतो आहे. तो दुसरा अखेर घर सोडून जातो ते यामुळेच. यिंगमिंगच्या बहिणीचे उपकथानक मात्र गाळले असते तरी चालले असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. काही प्रेक्षक म्हणतात, यात क्षमा फार स्वस्त आहे. ज्यांनी या जोडप्याचे दोन्ही जीव नेले ते पुढे श्रीमंत होतात, शेवटी रडतात, आणि दुःख भोगणाऱ्यांनीच त्यांना धीर द्यायचा. राजसत्तेच्या अपराधाचे रूपांतर येथे दोन कुटुंबांच्या खाजगी खंतीत झाले, असा त्यांचा रोष. गर्भपाताविषयीची आमची भूमिका वाचकांस ठाऊक आहे; ती येथे उगाळत नाही. परंतु चित्रपटाने सत्तेला मोकळे सोडले, हे आम्हांस पटत नाही.

गर्भपातानंतरचा एक प्रसंग पाहावा. कारखान्याच्या सभागृहात याओजून व लीयुन यांना कुटुंबनियोजनाचे आदर्श जोडपे म्हणून गौरविले जाते. टाळ्या वाजतात. दोघांनी काही बोलण्याची अपेक्षाच नसते. पुढे नव्वदीच्या दशकात कामगार कमी करण्याची वेळ येते, तेव्हा ज्यांनी 'आदर्श' म्हणून इतके गमावले त्या लीयुनचेच नाव यादीत असते. यावर दिग्दर्शक एका शब्दाचेही भाष्य करीत नाही, आणि आरोप लपून राहत नाही.

याहून बोलका प्रसंग हाययेनच्या मृत्युशय्येजवळचा. मेंदूच्या व्याधीने खंगलेली ती लीयुनला सांगते की, आता आपल्यापाशी पैसा आहे, तू मूल होऊ दे. वय, काळ, सारे तिच्या मनातून पुसले गेले आहे. उरला आहे तो नियम आणि नियमभंगाचा दंड. मरतानाही ती आपले पाप सरकारी दंडाच्या भाषेतच फेडू पाहते. हे पाहून ज्यांस क्षमा स्वस्त वाटते त्यांनी तो प्रसंग पुन्हा पाहावा. येथे लीयुन उत्तर तरी काय देणार?

तिच्या मृत्यूनंतर डॉक्टर झालेला हाओहाओ कबुली देतो : पाण्याला भिणाऱ्या मित्राला त्यानेच ढकलले होते. ते गुपित झाडासारखे त्याच्या अंगात वाढत राहिले. ही कबुली ऐकणारे दोघे संतापत नाहीत, कारण त्या मुलावर हे ओझे पडू नये अशी इच्छा याओजूनने फार पूर्वीच धरली होती. म्हणजे क्षमा आधी झाली होती, कबुली नंतर आली. ती मिळाली एका मुलाला. कायद्याला नव्हे, कारण तो कोणापुढेही क्षमा मागायला आलाच नाही. १ जानेवारी २०१६ पासून तो नुसता बदलला.

एका बाबतीत मात्र आम्ही आक्षेपकांच्या बाजूचे आहोत. म्हातारी झालेली दोघे शिंगशिंगच्या कबरीपाशी जाऊन बसतात, त्यानंतर परागंदा झालेला दत्तक मुलगा मैत्रिणीसह परततो आणि दूरध्वनीवरून सर्वांचे बोलणे होते. मूळ चिनी नावाचा अर्थ 'धरती-आकाशाइतके चिरंतन' असा आहे, आणि त्या नावाला शोभावा म्हणून हा गोड शेवट चिकटविल्यासारखा दिसतो. आम्ही कबरीपाशीच थांबलो असतो.