मुदपाकखान्यांतील साधक

ब्रदर लॉरेन्स हा पॅरिसच्या कार्मेलाइट मठांतील आचारी. १६९१ सालीं तो वारल्यावर आबे द बोफोर यांनीं त्याचे संवाद व पत्रें संकलित करून प्रसिद्ध केलीं. संग्रहांत पुनरुक्ति फार, आणि मांडणी अशी नाहींच. प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ यांत आपणांस भेद उरला नाहीं, असें तो सांगतो. स्वयंपाकाची उपजत नावड असणाऱ्यानें हें म्हणावें, यांतच ग्रंथाचें खरें मोल आहे. आवडत्या कामांत ईश्वर कोणासहि दिसेल. मात्र लॉरेन्सचे श्रम स्वेच्छेनें पत्करलेल्या व्रताचे होते. पोटासाठीं राबणाऱ्यास हा उपदेश त्याच्या धन्यानें करूं नये. तो ज्याचा त्यानेंच स्वतःस करावा. एरवीं भक्तीच्या नांवाखालीं अन्याय झांकला जाईल.