परिशिष्ट कुठे आहे?

‘वैदिक गणित’ या नावाने आज जे शिकवले जाते, त्याच्या चरित्रात नागपूर दोनदा येते. पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांनी १९५३ साली श्री विश्वपुनर्निर्माण संघाची स्थापना केली ती नागपुरात. आणि त्यांनी सोळा सूत्रांवर लिहिलेले सोळा खंड एका शिष्याच्या घरी ठेवले होते, तेही नागपुरातच. या खंडांचे पुढे काय झाले ते संघाच्या चिटणीस मंजुला त्रिवेदी यांनी छापील पुस्तकाच्या आरंभी सांगितले आहे. ते हरवले, आणि हरवल्याचे १९५६ मध्ये नक्की झाले. तेव्हा दृष्टी अधू झालेल्या स्वामींनी १९५७ मध्ये आठवणीतून सगळ्याचा गोषवारा एकाच पुस्तकात नव्याने लिहिला. १९६० साली ते निवर्तले. बनारस हिंदू विश्वविद्यालयाने पुस्तक प्रसिद्ध केले १९६५ मध्ये.

आपल्याकडे अर्धा डझन दुकानांच्या पाट्यांवर या पुस्तकाचे नाव आहे. धरमपेठेत गोकुळपेठ बाजाराच्या अंगाने एक फेरी मारली तरी ‘अबॅकस व वैदिक गणित’ असा जोडफलक दिसतो. त्यातले अबॅकस कुठून आले याची चौकशी कुणी करत नाही. ‘वैदिक’ या विशेषणावरून मात्र साठ वर्षे वाद चालू आहे. ‘प्राध्यापक एका बाजूला आणि हौशी माणसे दुसऱ्या बाजूला’ अशीच त्याची मांडणी बहुतेक वेळा होते. ही मांडणी मला खोटी वाटते, आणि ती तपासण्यात माझा स्वार्थही आहे. गणिताची पदवी माझ्याकडे नाही. बारावीनंतर सुटलेला विषय मी चाळिशीत स्वतःच्या हौसेने पुन्हा धरला. तेव्हा हौशी माणसाला या प्रांतात बोलायचा अधिकार कशाने मिळतो आणि कशाने जातो, हा माझ्यापुरता नुसता चर्चेचा विषय नाही.

आधी पुस्तकात काय आहे ते पाहू. ६५ चा वर्ग हवा असेल तर ६ ला त्याच्या पुढच्या ७ ने गुणायचे, ४२; त्यापुढे २५ लिहायचे, ४२२५. क्लासमध्ये याला ‘एकाधिक’ म्हणतात. ९७ गुणिले ९६ करायचे तर शंभरातून उणे किती ते पाहायचे: ३ आणि ४. सत्त्याण्णवातून ४ वजा केले की ९३, आणि ३ चोक १२, उत्तर ९३१२. हे ‘निखिल’. दोन्हींची सिद्धता आठवीच्या बीजगणितात बसते. शंभर उणे ‘अ’ आणि शंभर उणे ‘ब’ यांचा गुणाकार उलगडला की निखिल समोर उभे राहते. युक्त्या बरोबर आहेत, यात वाद नाही आणि कधी नव्हता.

पुस्तकातले सर्वांत देखणे उदाहरण १ भागिले १९ चे आहे. उजव्या टोकाला १ मांडायचा आणि डावीकडे दुप्पट करीत जायचे: १, २, ४, ८, मग १६ चे ६ आणि हातचा १, मग १२ आणि १ मिळून १३ चे ३, हातचा १, असे अठरा अंक झाले की ०.०५२६३१५७८९४७३६८४२१ हा सगळा आवर्त हाती येतो. पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा मी तो कागद बराच वेळ समोरून हलवला नव्हता. हे का जमते? दहाची दुप्पट वीस, आणि विसाला एकोणिसाने भागले की बाकी १. म्हणून उजवीकडे जाताना दर पायरीला दहाने गुणून जे होते, ते डावीकडे येताना दुपटीने उलटते. इथून बाकीच्या अंकगणिताचा, म्हणजे खऱ्या संख्याशास्त्राचा दरवाजा दोन पावलांवर आहे. पुस्तक त्या दरवाज्यापर्यंत नेते आणि तिथून पुढच्या युक्तीकडे वळते. क्लास तर तिथपर्यंतही नेत नाहीत. गणिताच्या अंगाने माझी पहिली तक्रार ही आहे, आणि तिचा वेदांशी काही संबंध नाही.

आता वेदांकडे. सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टात आहेत, असे स्वामींचे म्हणणे होते. ही परिशिष्टे काही गूढ गोष्ट नाही. बोलिंग आणि नेगेलाइन या दोघांनी संपादित केलेली त्यांची आवृत्ती १९०९-१० मध्ये लायपझिशहून निघाली होती. स्वामी १९५० साली लखनौला आले असताना कृपाशंकर शुक्ल ती आवृत्ती घेऊन त्यांना भेटले आणि सूत्रे कुठे आहेत ते दाखवावे, अशी विनंती त्यांनी केली. शुक्ल म्हणजे श्रीधराचार्यांच्या ‘पाटीगणिता’चे संपादक, प्राचीन भारतीय गणितासाठी त्यांनी आयुष्य घातले. त्यांना उत्तर मिळाले की ती सूत्रे छापील परिशिष्टांत नाहीत, स्वामींच्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत.

विशेष म्हणजे पुस्तकाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीही हे लपवलेले नाही. ज्ञात परिशिष्टांत ही सूत्रे मिळत नाहीत, त्यांची भाषाशैली ती स्वामींनाच गवसली असावीत असे सुचवते, आणि त्यांच्याकडे एक नवे परिशिष्ट म्हणून पाहावे, अशा अर्थाचे त्यांनी प्रास्ताविकातच लिहिले. स्वामींनीही ‘वेद’ शब्दाचा अर्थ समस्त ज्ञानाचे भांडार इतका रुंद केला होता. म्हणजे पहिल्या पंचवीस पानांतच वादाचा निकाल लागलेला आहे. हे पुस्तक विकणाऱ्यांनी आणि विरोध करणाऱ्यांनी ती पाने सारख्याच निष्ठेने वगळलेली दिसतात.

इथे नेहमीचा युक्तिवाद येतो: हस्तलिखित हरवले, म्हणून ते नव्हतेच असे कसे म्हणता? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे ग्रंथ हरवणे रोजचे. वाळवी, पूर, भाऊबंदकीच्या वाटण्या यांनी किती पोथ्या खाल्ल्या. पण हरवलेला ग्रंथ दुसऱ्यांच्या ग्रंथांत मागे खुणा ठेवतो. श्रीधराचार्यांचे बीजगणित आज उपलब्ध नाही. तरी ते होते हे आपण ठामपणे म्हणतो, कारण वर्गसमीकरण सोडवण्याची त्यांची रीत भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात त्यांचे नाव घेऊन आपल्या ‘बीजगणिता’त उतरवली. स्वामींच्या सूत्रांचा असा उल्लेख कोण्या भाष्यात, टीकेत, करणग्रंथात किंवा एखाद्या पाठशाळेच्या टिपणात सापडत नाही. शिवाय त्यांत आवर्ती दशांश अपूर्णांक आहेत, कलन आहे. जे गणित खरोखर वेदांगांच्या काळाचे आहे ते शुल्बसूत्रांत आहे आणि त्याचा चेहरा अगदी निराळा आहे: दोरी, खुंट्या, विटा, वेदीची क्षेत्रफळे. बौधायनाने दोनाच्या वर्गमुळासाठी दिलेली किंमत ५७७ भागिले ४०८ इतकी येते, म्हणजे १.४१४२१५७; खरी किंमत १.४१४२१३६. तिथे शीघ्र गुणाकाराची घाई कुठे नाही. वेदीची विट नीट बसावी, एवढी काळजी आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले श्री. गो. दाणी यांनी १९९३ मध्ये ‘फ्रंटलाइन’मधल्या दोन लेखांत हे सगळे सविस्तर मांडले. दाणी मूळचे बेळगावचे, त्यांनी शुल्बसूत्रांवरही काम केले आहे. तेव्हा ‘यांना आपल्या परंपरेचे काही नाही’ हा आक्षेप त्यांना लावता येत नाही, तरी तो लावला गेला. पुढे २००१ मध्ये अभ्यासक्रमाचा वाद पेटला तेव्हा अनेक वैज्ञानिकांनी मिळून एक निवेदन काढले. त्याचे शीर्षक मराठीत ‘ना वैदिक, ना गणित’ असे होईल. त्यातला पहिला अर्धा मला मान्य आहे. दुसरा नाही. एकोणिसाचा आवर्त छोटा असेल, जुना असेल, पण तो गणितच आहे. ‘हे गणितच नाही’ म्हटले की ज्या मुलाला त्यात पहिल्यांदा आकड्यांची गोडी लागली ते मूल दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळते.

दोन्ही पक्षांचा प्रसाद मला मिळाला आहे. इथल्याच एका व्याख्यानानंतर मी विचारले की परिशिष्ट कुठे आहे; वक्त्यांनी ‘अहो, तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकवता?’ असा प्रतिप्रश्न केला. आणि एकदा एका गणिताच्या प्राध्यापकांना एकोणिसाचा आवर्त का जमतो यावरचे माझे टिपण दाखवले, तर न वाचताच त्यांनी ‘हे आकड्यांचे खेळ आहेत, सोडून द्या’ म्हणून परत केले. हौशींचा कैवार घेणाऱ्याने पदवी विचारली आणि तज्ज्ञाने कागद वाचला नाही. दोघांच्याही मते प्रश्न ‘कोण बोलतो’ हा होता.

म्हणून मला याच वादाशेजारी एक दुसरा माणूस ठेवून पाहावासा वाटतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, बी.एस्सी.च्या पुढे शिक्षण नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. पुस्तिका बहुतेक पदरमोड करून छापलेल्या. संख्यांना नावे द्यायची त्यांना भारी हौस: डोंबिवलीच्या जुन्या नावावरून ‘डेम्लो’, शिवाय ‘देवळाली’, ‘हर्षद’ आणि आपल्या नावाची ‘दत्तात्रेय’ संख्या. प्रतिष्ठित गणितज्ञ त्यांना हसत. हसण्यामागे तत्त्वही होते. हार्डींनी आपल्या १९४० च्या प्रसिद्ध आत्मसमर्थनात ८७१२ आणि ९८०१ या संख्या आपल्याच उलट्या रूपांच्या पटीत आहेत, हे उदाहरण मुद्दाम दिले आहे, कशात गंभीर गणित नसते ते दाखवण्यासाठी. संख्या दहाच्या पायात लिहिली म्हणून दिसणारा गुण हा संख्येचा नव्हे, लिपीचा गुण, असा तो आक्षेप. तो चुकीचा नाही.

कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ मांडली. सगळे अंक एकच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. आणि ७६४१ उणे १४६७ पुन्हा ६१७४. सातव्या पायरीच्या आत प्रत्येक संख्या इथेच येते. १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त त्यावरचे टिपण आले आणि मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाने त्यांना ओळखले. वय सत्तर.

हे सिद्ध कसे करायचे? नऊ हजारांच्या आसपास संख्या तपासाव्या लागतील असे वाटते. पण वजाबाकी मांडून पाहिली तर ती फक्त दोन गोष्टींवर अवलंबून असते: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणायचे, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्यापर्यंत. सगळ्या मिळून ५४ जोड्या. चौपन्न बेरजा एका संध्याकाळी होतात. तिथे श्रद्धा लागत नाही, पदवी लागत नाही, देवळालीला जावे लागत नाही. पाच अंकांसाठी हीच क्रिया एका संख्येवर थांबत नाही, वेगवेगळ्या चक्रांत फिरत राहते. हेही कुणालाही पडताळता येते, आणि हार्डींच्या आक्षेपाचे बळ कुठे आहे तेही तिथेच कळते.

कापरेकर आणि स्वामी, दोघेही विद्यापीठाबाहेरचे. विद्वत्तेत स्वामी कितीतरी मोठे. त्यांचे संस्कृत, त्यांची स्मरणशक्ती यांबद्दल त्यांचे टीकाकारही आदराने बोलतात. फरक असा की मास्तरांच्या दाव्याची तपासणी दावा ऐकणाऱ्याच्या हातात होती. स्वामींच्या युक्त्यांबाबतही ती आपल्या हातात आहे, पण त्यांच्या इतिहासाबाबत नाही; तो एका न दिसणाऱ्या परिशिष्टात आणि नागपुरात हरवलेल्या सोळा खंडांत आहे. आणि पाटीवर विकला जातो तो इतिहास. ९७ गुणिले ९६ बरोबर आले हा वेदांचा पुरावा म्हणून मुलांपुढे ठेवला जातो, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत नुकसानकारक गोष्ट वाटते. कारण ते मूल त्या क्षणी गणितही चुकीचे शिकते आणि इतिहासही.

यातली खेदाची गंमत अशी की एका युक्तीला खरेच जुने कूळ आहे, आणि तेही आपल्याच मुलखात. पुस्तकातल्या ‘ऊर्ध्वतिर्यक्’ रीतीत एककाला एककाने गुणायचे, मग एकक-दशक तिरपे गुणून बेरीज, मग दशकाला दशकाने. हीच रीत जुन्या पाटीगणितात ‘तत्स्थ’ गुणन म्हणून आहे. ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञ, कोकणातल्या नांदगावचे, ज्यांच्या ग्रंथावर महाराष्ट्राची पंचांगे पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांनी १५४५ च्या ‘बुद्धिविलासिनी’ या लीलावतीवरच्या टीकेत ती पायरीपायरीने समजावली आहे, तिरप्या गुणाकाराला ‘वज्राभ्यास’ म्हणून. ती टीका पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये दोन भागांत छापली. म्हणजे स्वामी नागपुरात संघ स्थापत होते त्याच्या सोळा वर्षे आधीपासून ती बाजारात होती. ज्या क्लासांत ऊर्ध्वतिर्यक् शिकवतात तिथे मी हे आवर्जून सांगतो, ग्रंथाचे नाव कागदावर लिहून देतो. कागद घेतात. पाटी बदलायची तर मुलांचे आईवडील विचारतील, असे एका सरांनी मला अगदी मोकळेपणाने सांगितले.