हायमेनडॉर्फ वाचताना : निंदणाऱ्या बाया कुठं?

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचं ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (1948) आपल्या जिल्ह्याच्या अभ्यासात टाळता येत नाही. मार्लवाईत राहून केलेलं काम, पत्नी बेटीही सोबत. उपशीर्षकात ‘शेतकरी संस्कृती’ आहे, पण हा पहिला खंड मिथकं आणि विधींचा. माझी तक्रार इथंच. पेर्सा पेनची पूजा तपशिलानं कळते, बायांचा दिवस मात्र शोधावा लागतो. काळ्या जमिनीतला कापूस निंदायचा, वेचायचा कोणी? आजही बायाच. कमरेला ओटी, सुकल्या बोंडांनी बोटं ओरबाडलेली, आणि मजुरी किलोवर! मोहफुलं वेचणं वेगळंच. 1979 च्या ‘द गोंड्स ऑफ आंध्र प्रदेश’मध्ये अर्थव्यवहार जास्त येतो, मी तर म्हणेन, तेच आधी वाचा.