‘शाहिद’ : सिनॉप्सिस लिहिण्याआधी बघावा असा सिनेमा, आणि त्यात जे नाही ते

मागच्या रविवारी पेटची तयारी करणारे दोघं सिंदी मेघेतल्या माझ्या खोलीवर आले होते. पुस्तकातली व्याख्या दोघांनाही पाठ होती. पण त्यातल्या एकीने मधेच विचारलं, “ताई, आपल्याला जे सिद्ध करायचं ते माहीतच असतं ना? मग ही शून्य परिकल्पना कशाला मांडायची? उगाच उलटा घास.”

मी तिला व्याख्या समजावून सांगितली नाही. लॅपटॉप उघडला आणि ‘शाहिद’ लावला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. हंसल मेहतांचा सिनेमा, आपल्याकडे २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये लागला. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता (राजकुमार राव) असे दोन राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले. गोष्ट खऱ्या माणसाची आहे. शाहिद आझमी हे मुंबईचे वकील. १९९२-९३ च्या दंगली त्यांनी शाळकरी वयात पाहिल्या. काही काळ काश्मीरमधल्या अतिरेकी तळाकडे ओढले गेले, परत आले. पुढे टाडाखाली अटक झाली आणि तिहारमध्ये काही वर्षं काढली. तुरुंगातच शिक्षण सुरू केलं, सुटल्यावर वकील झाले, आणि बॉम्बस्फोटांच्या खटल्यांत अडकलेल्या, बहुतेक गरीब मुस्लिम आरोपींची वकिली करू लागले. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात घुसून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय ३२.

ही पोस्ट सिनेमाचं कौतुक करायला लिहीत नाहीये. संशोधन करणाऱ्याच्या नजरेने त्यात काय पक्कं आहे आणि काय कच्चं, एवढंच बघायचं आहे.

पक्कं काय : नकाशा

सिनेमातला सगळ्यात चांगला भाग म्हणजे कोर्ट. छोटी, कोंदट खोली, फायलींचे ढीग, दोन वकील एकमेकांवर खेकसतायत, न्यायाधीश वैतागलेले. टाळ्या घेणारं भाषण नाही. आणि या खोलीत चर्चा कशाची, तर एका कागदाची.

खरा खटला असा. २६/११ च्या प्रकरणात फहीम अन्सारी यांच्यावर आरोप होता की मुंबईतल्या ठिकाणांचे नकाशे त्यांनी हाताने काढून पुढे पाठवले. पुरावा म्हणून पोलिसांनी एक नकाशा दाखवला. गिरगाव चौपाटीवर मारला गेलेला अतिरेकी अबू इस्माईल याच्या पँटच्या खिशात तो सापडला, असं त्यांचं म्हणणं. बचाव पक्षाचा प्रश्न साधा होता : पँट रक्ताने भिजलेली आहे, मग तिच्या खिशातला कागद इतका स्वच्छ कसा? ३ मे २०१० ला विशेष न्यायालयाने फहीम अन्सारींना आणि दुसऱ्या एका आरोपीला निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयाने आणि मग २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. त्याच निकालात कसाबची फाशीही कायम झाली. पहिला निकाल लागला तेव्हा आझमी जाऊन तीन महिने होत आले होते.

आता यात शिकण्यासारखं काय आहे बघा. बचावाचे वकील “माझा अशील देवमाणूस आहे” असं सिद्ध करत बसले नाहीत. तो भार त्यांच्यावर नाहीच. त्यांनी विचारलं, तुमची गोष्ट खरी असेल तर या कागदावर काय दिसायला हवं होतं? ते दिसतं का? शून्य परिकल्पना म्हणजे नेमकं हेच. ‘आरोपीचा संबंध नाही’ इथून सुरुवात करायची, आणि ते नाकारायला भाग पाडेल असा पुरावा समोरच्याकडे आहे का ते तपासायचं. उलटा घास नाही तो. सरळ घासच तिकडून आहे.

मला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. पहिल्या वर्षी जिल्ह्यातल्या विहिरींचे पाण्याचे नमुने गोळा केले होते, नायट्रेट मोजायला. बर्फाच्या डब्यात नऊ बाटल्यांची लेबलं भिजून निघाली. कुठली बाटली कुठल्या विहिरीची ते मला ‘आठवत’ होतं, म्हणून मी नवीन लेबलं लावली आणि आलेख काढला. सुंदर आला, अगदी मला हवा तसा. गाइडनी एकच विचारलं, “पाण्याकडे बघून विहीर सांगता येते का तुला?” नऊच्या नऊ आकडे काढून टाकावे लागले. रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण तेव्हा लक्षात आलं, की मी लबाडी करत नव्हते. मला खरंच आठवतंय असंच वाटत होतं. आपल्या निष्कर्षाच्या प्रेमात पडलेल्या माणसाला असंच वाटतं, मग तो लॅबमधला असो की तपास यंत्रणेतला. फरक इतकाच, माझ्या चुकीने कोणी १९ वर्षं तुरुंगात गेलं नसतं.

कच्चं काय

पहिली गोष्ट. सिनेमात आरोपी निर्दोष आहे याबद्दल आपल्याला फारशी शंका राहतच नाही. त्याचं घर दिसतं, घाबरलेला चेहरा दिसतो, आपण लगेच त्याच्या बाजूचे होतो. मग कोर्टातलं सगळं आपल्याला आधीच माहीत असलेल्या उत्तराकडे जाणारी वाट वाटते. इथे सिनेमा आपल्या वकिलाचं काम सोपं करून टाकतो. खरी कसोटी कधी लागते? आरोपी आपल्याला अजिबात आवडत नाही, मनातून वाटतंय की यानेच केलं असेल, आणि तरीही त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याच काट्यावर तोलायचा, तेव्हा. सिनेमा आपल्याला त्या काट्यापर्यंत नेतच नाही.

दुसरी. शाहिद आझमी म्हटलं की सात वर्षांत १७ निर्दोष मुक्तता हा आकडा हमखास सांगितला जातो. ऐकून छाती भरून येते. पण तुम्ही संशोधक होणार आहात, तुमच्या तोंडून पहिला प्रश्न यायला हवा : १७ कितीपैकी? छेद नसलेला अंश म्हणजे नुसती भावना. त्यांचं मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण त्या आकड्यावरून ‘अशा खटल्यांत एवढे टक्के आरोपी निर्दोष असतात’ असं काही कोणी मांडलं, तर तिथेच थांबवा.

तिसरी. सिनेमात सुटका म्हणजे एका माणसाची जिद्द. प्रत्यक्षात हे काम सामूहिक आणि भयंकर कंटाळवाणं असतं. महाराष्ट्रात अशा कित्येक खटल्यांचा खर्च आणि समन्वय जमियत उलेमाच्या कायदेशीर मदत विभागाने सांभाळला. गुलजार आझमी २०२३ मध्ये वारले, तोवर वर्षानुवर्षं ते काम तेच बघत होते. मुस्लिम नसलेले वकीलही मोठ्या संख्येने यात आहेत. ७/११ च्या अपिलात उच्च न्यायालयात उभे राहिलेल्यांत युग मोहित चौधरी होते, ओडिशाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. मुरलीधरही होते. हजारो पानांची साक्ष वाचून तारखांचा तक्ता करणारे ज्युनियर कुठल्याच सिनेमात दिसत नाहीत. तुमच्या पीएच.डी.तही चार वर्षांपैकी साडेतीन वर्षं त्या ज्युनियरसारखीच जाणार आहेत, हे आत्ताच सांगून ठेवते.

सिनेमा संपल्यावर काय झालं

११ जुलै २००६ ला मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. १८९ माणसं गेली, आठशेहून जास्त जखमी झाली. आझमी यातल्या आरोपींसाठीही लढत होते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांच्यातले काही आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात होते, इथून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर. एक जण २०२१ मध्येच तिथे वारला होता. निकाल ऐकायला तो नव्हता.

तो निकाल मी कायद्यासाठी नाही, पद्धतीसाठी वाचला. टॅक्सीचालकांनी आरोपींना ओळखलं ते शंभरहून जास्त दिवसांनी. ओळख परेड ज्याने घेतली त्याला तो अधिकारच नव्हता. जप्त केलेली स्फोटकं नीट सीलबंद ठेवल्याचं दाखवता आलं नाही (माझ्या नऊ बाटल्या आठवा). बॉम्ब नेमके कुठल्या प्रकारचे, हेही सिद्ध झालं नाही. आणि कबुलीजबाब. एरवी पोलिसांसमोरची कबुली पुरावा होत नाही, पण मकोकाखाली वरिष्ठ अधिकाऱ्यासमोरची होते. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांमधले काही भाग जवळजवळ शब्दशः सारखे निघाले. आपला प्रबंध जमा करण्याआधी विद्यापीठ सॉफ्टवेअरमधून साहित्यचोरी तपासतं. इथे फाशीच्या शिक्षा पडल्या होत्या.

तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

आणि मग ३१ जुलै. मालेगावच्या २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाचा निकाल. सहा माणसं मेली होती. इथे आरोपी हिंदू होते, सातही जण सुटले. कितीही दाट संशय असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. या खटल्यात पीडितांच्या बाजूने शाहिद नदीम हे वकील काम करत होते. म्हणजे मुस्लिम समाजाच्या हक्कांसाठी लढणारा वकील प्रत्येक वेळी आरोपीच्याच बाजूला असतो, हा समजही पुसून टाका.

दहा दिवसांच्या अंतराने आलेले हे दोन निकाल तुमच्यासाठी फुकटचा प्रयोग आहेत. स्वतःशी प्रामाणिकपणे आठवा. पहिल्या निकालाला ‘तपासाची लाज’ आणि दुसऱ्याला ‘सत्याचा विजय’ म्हणालात का? की उलट? दोन्ही वेळा पुरावा कुठे तुटला हे वाचल्याशिवायच मत झालं होतं का? माझं झालं होतं, एकाबद्दल. कुठल्या ते सांगत नाही, कारण प्रश्न तुमचा आहे.

‘शाहिद’बद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच येते. त्याच्या चौकटीत मेलेल्यांना जागा नाही. लोकलमधून घरी निघालेले १८९ जण कोणी मारले, या प्रश्नाचं उत्तर १९ वर्षांनी आपल्याकडे नाही. खराब पुराव्यावर चुकीचा माणूस धरला, की बरोबर माणसाचा शोधही तिथेच थांबतो. बचावाच्या वकिलाला अडथळा म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. आणि निर्दोष मुक्ततेवर गोष्ट संपवणाऱ्या सिनेमालाही दिसत नाही. शून्य परिकल्पना नाकारता आली नाही, म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. तो परत पहिल्या पानावर आला.

तरी सिनेमा बघाच. नकाशाच्या प्रसंगाला थांबवा आणि आपला सिनॉप्सिस शेजारी ठेवा. प्रत्येक दाव्यापुढे लिहा : हे खरं असेल तर काय दिसायला हवं? ते मी बघितलं का, की मला आठवतंय? मग तो कागद वर्गातल्या सगळ्यात खडूस मैत्रिणीला द्या आणि सांग म्हणा, तू माझ्याविरुद्धची वकील.

त्या दिवशी प्रश्न विचारणारी मुलगी सिनेमा संपल्यावर गप्प होती. निघताना चपला घालता घालता म्हणाली, “ताई, माझ्या सर्व्हेत सगळ्यांनी ‘हो’च सांगितलंय. परत जाऊन विचारू का?”

विचार म्हटलं. पुढच्या पोस्टमध्ये प्रश्नावली कशी बनवायची ते बघू, तिचीच घेऊन. तिने परवानगी दिली आहे.