वाळू आपली, विद्या कोणाची?

२९ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियाना’ला मंजुरी दिली. सात वर्षांसाठी सरकारचा खर्च १६,३०० कोटी रुपये, आणि सार्वजनिक उपक्रम वगैरेंकडून आणखी १८,००० कोटींची अपेक्षा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १,२०० शोधप्रकल्प हाती घ्यायचे, १०,००० माणसे प्रशिक्षित करायची, २०३०-३१ पर्यंत १,००० पेटंटे मिळवायची, परदेशांत खाणी घ्यायच्या, मित्रराष्ट्रांशी करार करायचे. आकडे भरघोस आहेत आणि हेतूबद्दल कोणी शंका घेऊ नये. परंतु या सर्व कागदपत्रांतून ‘संशोधनातील सहकार्य’ आणि ‘आंतरराष्ट्रीय भागीदारी’ हे शब्द वारंवार येतात. ते कोणत्या अर्थाने येतात, हे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या यादीत तीस खनिजे आहेत. कळीची खनिजे म्हणजे ज्यांच्यावाचून उद्योग अडतो आणि ज्यांचा पुरवठा थोड्यांच्याच हाती असतो, अशी खनिजे. तिसांचाही विचार एका लेखात करणे शक्य नाही. म्हणून त्यांतले एकच कुटुंब घेऊ. विश्वकोशाने त्याला ‘विरल मृत्तिका’ म्हटले. वृत्तपत्रे ‘दुर्मीळ मृदा’ म्हणतात. दोन्ही नावे फसवी आहेत. ती माती नव्हे, आणि फारशी दुर्मीळही नव्हे. यांतले सिरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. दहावीच्या वर्गात आवर्तसारणी शिकवताना तिच्या तळाशी वेगळ्या छापलेल्या दोन ओळींवरून आपण बहुधा घाईने पुढे जातो. त्यांतली वरची ओळ म्हणजे हे कुटुंब. स्कँडियम आणि इट्रियम हे त्याचे दोन नातलग. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटारीतील शक्तिशाली चुंबक निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा असतो. १९८०च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी तो स्वतंत्रपणे शोधून काढला.

आपल्याकडे या कुटुंबाची कथा काथ्यापासून सुरू होते. त्रावणकोरहून युरोपात जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत १९०९ साली शोंबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला मोनाझाइट सापडले. तेव्हा गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियम हवे होते, आणि मोनाझाइटमध्ये ते होते. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ मध्ये केरळात आलुवा येथील कारखाना सुरू झाला. तिथेही लक्ष मुख्यतः थोरियमवर होते, कारण अणुऊर्जेचे स्वप्न त्याच्याशी बांधलेले होते. विरल मृत्तिका हा उपपदार्थ. १९६२च्या अणुऊर्जा कायद्याने मोनाझाइट ‘विहित द्रव्य’ ठरवले, आणि त्यावरचे काम अणुऊर्जा विभागाच्या कुंपणाआड राहिले. पुढे चिनी माल इतका स्वस्त झाला की २००० नंतरच्या दशकात आलुव्याला मोनाझाइटवर प्रक्रिया करणेही थांबले. ते पुढे ओडिशात पुन्हा सुरू झाले. कारखाना बंद ठेवून पुन्हा चालू करता येतो. हाताची सवय तशी ठेवता येत नाही.

अणुखनिज संचालनालयाच्या अंदाजानुसार देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट आहे आणि त्यात विरल मृत्तिकांची ऑक्साइडे सुमारे ७२ लाख टन. (रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळी वाळू पाहून कोणाला आशा वाटत असेल तर सांगतो, ती मुख्यतः इल्मेनाइटची आहे, महाराष्ट्राचा वाटा नगण्य.) साठ्यांच्या जागतिक यादीत आपण तिसरे. उत्पादनात? २०२४ साली जगात सुमारे ३ लाख ९० हजार टन ऑक्साइडे निघाली, त्यांपैकी चीनची २ लाख ७० हजार आणि आपली २,९०० च्या आसपास. म्हणजे शेकडा एकही नाही.

एवढे अंतर का पडते, हे रसायनशास्त्राखेरीज कळत नाही. या मूलद्रव्यांत येणारा नवा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात न जाता आतल्या ४एफ उपकवचात जातो. त्यामुळे बाहेरून सगळी भावंडे सारखीच. बहुतेकांच्या आयनांवर तीन धनभार असतात. एका मूलद्रव्याकडून शेजारच्या मूलद्रव्याकडे जाताना आयनाची त्रिज्या जेमतेम एक-दीड टक्क्याने घटते. या एवढ्याशा फरकाच्या आधारे त्यांना वेगळे करायचे असते. त्यासाठी त्यांच्या क्षारांचे पाण्यातील द्रावण आणि केरोसिनमध्ये विरघळवलेले फॉस्फरसयुक्त सेंद्रिय आम्ल एकत्र घुसळतात, मग थर वेगळे होऊ देतात. लहान आयन केरोसिनच्या थरात किंचित अधिक जातो. निओडिमियम आणि प्रेझिओडिमियम या जोडीत हा ‘किंचित’ म्हणजे साधारण दीडपट.

वर्गात हे गणित करून पाहावे. आरंभी दोन्ही सारखी. एकदा घुसळल्यावर वरच्या थरात १.५ ला १, पुन्हा तोच थर घेऊन घुसळले की २.२५ ला १. हजाराला एक, म्हणजे ९९.९ टक्के शुद्धता येण्यास किती वेळा घुसळावे लागेल? लॉगॅरिथम घेतला की उत्तर सतरा येते. पण हे आदर्श गणित झाले. दर वेळी बराच माल खालच्या थरात मागे राहतो. तो वाया जाऊ न देता दोन्ही मूलद्रव्ये शुद्ध मिळवायची तर दोन द्रव एकमेकांच्या उलट दिशेने वाहते ठेवून टाक्यांची लांबच लांब रांग लावावी लागते. जोडी बदलली की रांग बदलते. संपूर्ण कारखान्यात अशा शेकडो टाक्या असतात, आणि एका टाकीतली आम्लता बिघडली की त्याचा परिणाम दूरच्या टोकाला कित्येक दिवसांनी दिसतो. ही विद्या कागदावर अर्धी, उरलेली अर्धी टाकीजवळ.

१९७२ मध्ये पेकिंग विद्यापीठातील शू ग्वांगशियन यांच्याकडे नेमकी हीच जोडी वेगळी करण्याचे काम आले. त्यांचा विषय मूळचा पुंजरसायनाचा. १९५१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते मायदेशी परतले होते. त्यांनी या टाक्यांच्या रांगेचा गणिती सिद्धांत बसवला. किती टाक्या लागतील, कोणता द्रव किती वेगाने सोडावा, हे आधीच मोजता येऊ लागले आणि लहान प्रयोगावरून मोठ्या कारखान्याकडे जाण्यातली वर्षे वाचली. मला यात अधिक महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९७८ पासून त्यांनी हे तंत्र देशातल्या कारखान्यांतील तंत्रज्ञांना वर्ग घेऊन शिकवले. राष्ट्रीय सहकार्य याचा अर्थ तिथे असा झाला. चीनच्या यशाला दुसरीही कारणे होती हे विसरू नये: बायान ओबोच्या लोखंडाच्या खाणीतून जवळपास आयता मिळणारा माल, सरकारी पैसा, आणि पर्यावरणाकडे केलेली डोळेझाक. दक्षिण चीनमधील ओरबाडलेल्या टेकड्या आजही त्याची साक्ष देतात. तो भाग अनुकरणीय नाही. वर्ग मात्र आहे.

आता आपल्या अभियानाकडे पाहू. २०२५ मध्ये नऊ संस्थांना उत्कृष्टता केंद्रे म्हणून मान्यता मिळाली. त्यांत मुंबई आणि हैदराबादच्या आयआयटी आहेत, भुवनेश्वरची खनिज प्रयोगशाळा, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आहे. प्रत्येक केंद्राने निदान दोन उद्योग आणि दोन संशोधनसंस्था सोबत घ्याव्यात अशी अट आहे, आणि काम पथदर्शी संयंत्रापर्यंत न्यावे असा आग्रह आहे. ही अट ज्याने घातली त्याला प्रश्न समजला आहे. मग १,००० पेटंटांचे उद्दिष्ट कोणी घातले? पेटंट म्हणजे कल्पनेवरचा हक्क. टाकी चालेल याची ती हमी नव्हे. मोजायला सोपे म्हणून ते मोजायचे, एवढेच त्याचे समर्थन दिसते. आमच्या क्षेत्रातील शोधनिबंध चाळले तर बहुतेकांत बाटलीतून विकत आणलेले शुद्ध ऑक्साइड आम्लात विरघळवून ‘नमुना द्रावण’ केलेले असते आणि त्यातून ९९ टक्के निष्कर्षण झाल्याचे कळवलेले असते. कारखान्यातल्या खऱ्या द्रावणात लोह असते, कॅल्शियम असते, थोरियमचा अंश असतो. केंद्राला दर महिन्याला ते खरे द्रावण पिंपांनी मिळणार का, आणि त्याचा विद्यार्थी सहा महिने कारखान्यात राहणार का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून सहकार्याची परीक्षा मी करीन. भागीदारांच्या नावांची यादी लांबवून ती होत नाही.

देशात असे खरे सहकार्य झालेच नाही, असेही नाही. विशाखापट्टणम येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना उभा राहिला. मे २०२३ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. तंत्र देशातल्याच प्रयोगशाळांचे, चालवणारी इंडियन रेअर अर्थ्‌स. क्षमता वर्षाला ३,००० किलो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने ७,२८० कोटींची जी चुंबक योजना मंजूर केली, तिचे उद्दिष्ट वर्षाला ६,००० टन आहे. चुंबकाचा प्रकार वेगळा हे खरे, तरी दोन हजार पटींची ही उडी आहे. खऱ्या द्रावणाचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

परदेशी भागीदारीतही हाच मुद्दा निराळ्या रूपाने येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतील रियासी येथे ५९ लाख टन लिथियम सापडल्याच्या मथळ्यांनी देश आनंदला. ते ५९ लाख टन खनिजाचे होते, धातूचे नव्हेत, आणि अंदाजही प्राथमिक शोधाच्या पातळीचा होता. लिलावाला पुरेशा बोली आल्या नाहीत आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द झाला. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये ‘काबिल’ या सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात लिथियमचे पाच पट्टे, १५,७०३ हेक्टर, शोधासाठी घेतले. खाऱ्या पाण्यातून लिथियम काढण्याचा अनुभवही त्यातून मिळेल असे त्या घोषणेत म्हटले होते. एका वाक्यात. हेक्टर आणि कोटी यांना मात्र भरपूर जागा होती.

जपानशी आपला व्यवहार अधिक बोलका आहे. २०१० मध्ये सागरी वादातून चीनने जपानचा विरल मृत्तिकांचा पुरवठा रोखला. जपानने पुढल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या लायनास कंपनीत २५ कोटी डॉलर घातले, खाण ऑस्ट्रेलियात आणि शुद्धीकरण मलेशियात अशी रचना सावरून धरली आणि कंपनी तोट्यात असतानाही वर्षानुवर्षे साथ सोडली नाही. मलेशियात किरणोत्सारी गाळावरून लोकांनी आंदोलने केली; म्हणजे भागीदारीतला कचरा कोणाच्या अंगणात पडतो, हाही प्रश्न राहतोच. घरी त्याच वेळी कमी डिस्प्रोसियमची चुंबके शोधण्यासाठी संशोधनकेंद्र उघडले. २०१६ मध्ये होंडा आणि दायदो स्टील यांनी संकरित गाडीसाठी जड विरल मृत्तिका न वापरता केलेले चुंबक जाहीर केले. चीनवरील जपानचे अवलंबित्व नव्वद टक्क्यांच्या आसपास होते, ते साठच्या आसपास आले.

आपणही २०१२ मध्ये जपानशी करार केला. आपण वाळूतून काढलेला मिश्र माल द्यायचा, जपानी कंपनीच्या विशाखापट्टणममधील शाखेने त्यातून मूलद्रव्ये वेगळी करून जपानला पाठवायची. म्हणजे दीडपटीच्या गणिताचा तो सारा खटाटोप भारतीय भूमीवरच चालला, पण दुसऱ्याच्या टाक्यांत. आणि चुंबके आपण चीनमधून आणत राहिलो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल मृत्तिकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा पुण्याच्या बजाज ऑटोला विजेवरच्या स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. जूनमध्ये, जपानला जाणारा माल थांबवण्यास इंडियन रेअर अर्थ्‌सला सांगितल्याच्या बातम्या आल्या. माल थांबवून एका दिवसात तो चुंबक होत नाही.

भागीदारी नकोच, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ घेऊ नये. आपल्या मोनाझाइटमध्ये निओडिमियम पुष्कळ, पण चुंबकाला उष्णतेत टिकवणारे डिस्प्रोसियम आणि टर्बियम फारच थोडे. ते बाहेरूनच आणावे लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये चीनने ही मूलद्रव्ये वेगळी करण्याचे आणि चुंबके बनवण्याचे तंत्रज्ञान बाहेर देण्यावरच बंदी घातली, तेव्हा विद्येसाठी ते दार बंद आहे. जून २०२३ मध्ये आपण अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या खनिज सुरक्षा भागीदारीत सामील झालो. पण अमेरिकेनेही हे तंत्र गमावलेलेच होते: जनरल मोटर्सने उभारलेली चुंबक कंपनी १९९५ मध्ये चिनी भागीदार असलेल्या गटाला विकली गेली आणि पुढे तिची यंत्रे चीनला गेली. शिकवू शकेल असा उरतो मुख्यतः जपान. चुंबक योजनेतील पाच संभाव्य कारखाने, प्रत्येकी १,२०० टनांपर्यंतचे, बहुधा त्याच दारी जातील. विशाखापट्टणमला जाऊन त्या ३,००० किलोंमागची माणसे त्यांतले किती कारखाने आधी गाठतात, हे येत्या दोन वर्षांत दिसेल.