नाचणारी अक्षरे आणि अडणारी जोडाक्षरे

'तारे जमीं पर' हा हिंदी चित्रपट २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झाला. मावळातल्या शिक्षकांशी बोलताना असे दिसते, की डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-अक्षमता, या विषयाची त्यांची बरीचशी माहिती याच चित्रपटातून आलेली आहे. म्हणून करमणुकीचे साधन एवढ्यापुरतीच त्याची समीक्षा करून भागणार नाही. तो पाठ्यपुस्तकासारखा वापरला जात असेल, तर पाठ्यपुस्तकासारखाच तपासला पाहिजे.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईचा आठ-नऊ वर्षांचा ईशान अवस्थी तिसरीत नापास होत राहतो. वडील त्याला शिक्षा म्हणून निवासी शाळेत धाडतात. (हे चित्रण पाचगणीचे असले तरी लोणावळा-खंडाळा परिसरातल्या शिक्षकांना ते परके वाटू नये. 'घरी अभ्यास करत नाही' एवढ्याच कारणावरून वसतिगृहात आलेली मुले आपल्याकडेही असतात.) तिथे निकुंभ नावाचे चित्रकला शिक्षक त्याची अडचण ओळखतात. दिग्दर्शन आमिर खान यांचे, लेखन अमोल गुप्ते यांचे.

चित्रपटातला सर्वांत मोलाचा प्रसंग निकुंभ ईशानच्या घरी जातात तेव्हाचा आहे. ते वडिलांच्या हातात एक खोके देतात आणि त्यावरचा मजकूर वाचायला सांगतात. लिपी परदेशी. वडील म्हणतात, हे मी कसे वाचणार? निकुंभ आग्रह धरतात, लक्ष दिले की येईल. मग ते वडिलांवर तोच आरोप करतात, जो वडील मुलावर करीत आले: हा उद्धटपणा आहे, वाचायचेच नाही म्हणून चाललेला. 'आळशी', 'चुकार', 'लक्ष देत नाही' या आपल्या शेऱ्यांमधला फोलपणा इतक्या थोड्या वेळात दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

या गैरसमजाचा इतिहास जुना आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा हुशार, अंकगणितात चांगला, नजर उत्तम. पण स्वतःचे नावसुद्धा अक्षरांची अदलाबदल करून लिहायचा. शिक्षण सगळे तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे. त्या शिक्षकाची नजर डॉक्टरइतकीच तयार होती.

आता चित्रपट कुठे कमी पडतो ते पाहू. ईशानला अक्षरे नाचताना दिसतात, आणि निकुंभ त्याच्या वह्यांतून बी-डीची अदलाबदल, उलटी अक्षरे असे पुरावे काढून दाखवतात. पडद्यावर हे परिणामकारक दिसते. पण त्यातून प्रेक्षकाच्या मनात बसते ते असे, की डिस्लेक्सिया हा डोळ्यांना उलटे दिसण्याचा प्रकार आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे मत खरोखरच मान्य होते. १९७०च्या दशकात अमेरिकेत फ्रँक वेल्युटिनो यांनी साधा प्रयोग केला. वाचनात अडणाऱ्या मुलांना त्यांनी हिब्रू अक्षरे पाहून आठवणीने लिहायला सांगितली. ही लिपी त्यांनी कधी शिकलेली नव्हती. या मुलांनी ती इतर मुलांइतकीच बरोबर उतरवली. म्हणजे आकार दिसण्यात दोष नव्हता. अडचण होती आकाराला आवाज जोडण्यात. शब्द ध्वनींमध्ये फोडणे, तो ध्वनी झटकन आठवणे, हे काम मेंदूत सहज होत नाही, हा आज बहुतेक संशोधकांना मान्य असलेला निष्कर्ष आहे. शिवाय उलटी अक्षरे पाच-सहा वर्षांची पुष्कळ निरोगी मुले काढतात. तेवढ्यावरून पालकांना घाबरवू नये.

मराठी शाळेतल्या शिक्षकाचे यात दुहेरी नुकसान होते. देवनागरीत बी-डीसारखी आरशातली जोडी जवळजवळ नाहीच. चित्रपट पाहून उलट्या अक्षरांची वाट पाहत बसलेल्या शिक्षकाला खरा अडलेला मुलगा दिसणारच नाही.

मग काय दिसेल? आपली लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक आहे, पण चिन्हे फार. चौतीस-पस्तीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अक्षरांवर पकड येण्याचे काम पहिली-दुसरीत संपत नाही, प्राथमिक शाळेची बरीच वर्षे चालते. मराठीतही लिपीची घडण तीच आहे. त्यात चिन्हांची जागा उच्चाराच्या क्रमाने नसते. 'किल्ला' लिहिताना वेलांटी क-च्या आधी येते, उच्चारात मागून. 'कार्ला' या आपल्या गावाचा रफार बसतो ला-च्या डोक्यावर, पण बोलायचा त्याच्या आधी. 'इंद्रायणी'मधला र द-च्या पोटात शिरतो, 'महाराष्ट्र'मध्ये ट-खाली टोपी होऊन येतो, 'दऱ्या'मध्ये आडव्या डोळ्यासारखा होतो. एकाच र-ची ही चार रूपे. दुसरीतला कोणताही मुलगा इथे अडखळतो. पण चौथी-पाचवीतही जो 'कार्ला' कधी 'काला', कधी 'कारला' वाचतो, आणि समजावल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येतो, त्याच्याकडे थांबून पाहिले पाहिजे.

दुसरी खूण चुकीची नसून वेळेची आहे. जर्मन, इटालियन अशा उच्चारानुसारी लिपीत वाचन-अक्षमता असलेली मुले पुष्कळदा बरोबर वाचतात, पण अतिशय सावकाश. मराठीतही असा मुलगा धडा शेवटपर्यंत वाचतो, शिक्षक 'बरोबर' म्हणतो, आणि वाक्य संपेपर्यंत मुलाला त्याची सुरुवात आठवत नसते. गोष्ट तोंडी सांगितली तर तोच मुलगा उत्तरे धडाधड देतो. हा फरक वर्गात विनाखर्च तपासता येतो.

इथे उलट दिशेची चूकही होऊ शकते. मावळात ठाकर, कातकरी वाड्यांवरची मुले शाळेत येतात. त्यांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. वाचलेला शब्दच ओळखीचा नसेल तर मूल अडणार. त्याला अक्षमतेचे नाव देणे हा त्याच्यावर अन्याय होईल. हंगामी स्थलांतरात बुडालेली शाळा, न तपासलेले डोळे आणि कान, एकाच शिक्षकावर असलेल्या दोन-तीन इयत्ता, ही कारणे आधी बाजूला काढावी लागतात. वर्गातली निम्मी मुले वाचत नसतील तर दोष मुलांच्या मेंदूत शोधू नये. ईशानच्या बाबतीत हा प्रश्नच आला नाही, कारण तो सुस्थितीतल्या घरातला, इंग्रजी शाळेतला मुलगा आहे. लेखकाने आपले काम सोपे करून घेतले.

चित्रपटातल्या थोरांच्या यादीबद्दल मला सर्वांत जास्त तक्रार आहे. निकुंभ वर्गाला आइन्स्टाइन, लिओनार्दो, एडिसन यांची नावे सांगतात. यातल्या कुणाचीही कधी तपासणी झालेली नाही. आइन्स्टाइन तर शाळेत गणित-विज्ञानात चांगले गुण मिळवणारा, लहान वयात तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचणारा मुलगा होता. मुलाला धीर देण्यासाठी खोटा पुरावा कशाला हवा? पुढे ईशान चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो आणि सगळ्यांचे डोळे भरून येतात. पण ज्याला चित्र काढता येत नाही, गाता येत नाही, फक्त वाचता येत नाही, अशा साध्या मुलाचे काय? त्यालाही वाचायला शिकवलेच पाहिजे. त्याने आधी बक्षीस मिळवण्याची अट नको. आपल्या वर्गात 'ढ' म्हणून मागे बसलेली मुले बहुतेक अशीच असतात.

शिकवण्याचा भाग मात्र चित्रपटात बरोबर आहे, आणि तो एका गाण्याएवढ्या वेळात उरकला आहे. वाळूत बोटाने अक्षर गिरवणे, मातीचे अक्षर करणे, पायऱ्या चढत-उतरत बेरीज-वजाबाकी करणे. डोळे, कान, हात एकत्र वापरण्याची ही पद्धत जुनी आहे. मात्र तिला महिने लागतात, एकेक ध्वनी क्रमाने घ्यावा लागतो, आणि रोजचा सराव लागतो.

निकुंभ वह्या पाहून निदान करतात तेही शिक्षकांनी उचलू नये. शिक्षकाने शंका नोंदवावी, निदान तज्ज्ञाने करावे. २०१५ साली मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी 'डाली' ही चाचणी तयार केली. तीत मराठी आहे, आणि पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी प्राथमिक छाननीचा भागही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. १९९५च्या कायद्यात ती नव्हती. दहावीला ज्यादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण प्रमाणपत्र लागते. पवन मावळातल्या पालकाला त्यासाठी मजुरी बुडवून शहरातल्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात, आणि बरोबर न्यायला शाळेचा कागद हवा असतो. मूल कोणत्या महिन्यात काय वाचू शकत होते, एका परिच्छेदाला किती मिनिटे लागली, तोंडी उत्तर कसे दिले, याची तारीखवार नोंद असलेला कागद.