‘नाही’ कोणी ऐकायचे?

मनोविश्लेषणावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक, ते विज्ञान नव्हे. दुसरा, ते सत्तेचे साधन आहे. हे आक्षेप वेगवेगळे मानले जातात. आम्हाला त्यांचे मूळ एकच वाटते.

फ्रॉईडचेच उदाहरण घेऊ. १९०० सालच्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात जवळपास अठरा वर्षांच्या एका मुलीला तिच्या वडिलांनी त्याच्याकडे आणले. १९०५ साली छापलेल्या वृत्तांतात त्याने तिला ‘डोरा’ हे नाव दिले. वडिलांच्या मित्राने आपल्याशी लगट केली, असे ती सांगत होती. मित्राने ते नाकारले आणि वडिलांनी त्याचेच खरे मानले. फ्रॉईडने मात्र तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, हे मान्य करायला हवे. पण मनातून तिचे त्या माणसावर प्रेमच आहे, असा अर्थ त्याने लावला. ती ‘नाही’ म्हणाली, की ते दडपलेल्या इच्छेचे लक्षण. अकरा आठवड्यांनी तिने उपचार सोडले, तर तो सूड!

ज्याला कोणतेच निरीक्षण खोटे पाडू शकत नाही, तो सिद्धान्त वैज्ञानिक कसा, असा कार्ल पॉपरचा प्रश्न होता. फ्रॉईडने १९३७ मध्ये खुलासा केला होता, की आपण रुग्णाच्या ‘हो’ किंवा ‘नाही’वर विसंबत नाही, पुढे त्याला काय आठवते, काय सुचते ते पाहतो. यावर अडॉल्फ ग्रुनबाउम यांचा १९८४ मधील मुद्दा नेमका आहे. पुढचे सुचणेही त्याच खोलीत, त्याच अधिकारी व्यक्तीच्या सूचनेच्या छायेत होते. म्हणजे उपचारकाची सत्ता पुराव्यातच मिसळलेली असते.

मिशेल फुको १९७६ मध्ये वेगळ्या वाटेने जवळपास इथेच पोहोचला. कबुली देणारा बोलतो, पण तिचा अर्थ ठरवण्याचा अधिकार ऐकणाऱ्याकडे राहतो, असे त्याने दाखवले. मात्र तो अर्थ पारखायचा कसा, हे त्याच्या विवेचनातून कळत नाही. त्यासाठी आपल्याला पॉपर आणि ग्रुनबाउम यांच्याकडेच परतावे लागते.

शिक्षकांशी याचा संबंध काय? ‘मला समजले नाही’ असे मूल म्हणते, तेव्हा ‘तुझे लक्षच नव्हते’ असे आपण सहज म्हणून जातो. मुलाने ते नाकारले, तर तो उद्धटपणा ठरतो. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या मुलाने काय केले, तर आपले निदान चुकले असे आपण मानू? उत्तर ‘काहीही नाही’ असेल, तर ते निदान नव्हे, हुकूम आहे.